मोठ्यांसाठी राखीव बालगीतं

ऑस्ट्रेलियात माजी सैनिकांच्या संघटनेचे क्लब गावोगावी आहेत; लोक त्यांना नुसतं 'आरएसएल' म्हणतात. स्वस्तातलं जेवण, बिअर, जुगाराची यंत्रं आणि संध्याकाळी धारातीर्थी पडलेल्यांसाठी मिनिटभर उभं राहणं, असा तिथला शिरस्ता. सिडनीच्या डी वाय या समुद्रकाठच्या उपनगरातल्या अशाच एका क्लबात फेब्रुवारी २०१६ मध्ये 'द विगल्स' या चौकडीचा कार्यक्रम झाला. विगल्स गातात ते दोन-पाच वर्षांच्या मुलांसाठी, आणि विषयही त्याच वयाचे: फळांचं सॅलड, गरम बटाटा, मोठी लाल मोटार. त्या रात्री मात्र अठरा वर्षांखालच्या कोणालाही आत सोडलं नाही. तिकीट काढून आलेले सगळे नोकरीधंद्याला लागलेले किंवा लागू पाहणारे लोक होते, आणि ती गाणी त्यांना हातवाऱ्यांसकट पाठ होती. पुढे २०२२ मध्ये याच जुन्या चौकडीला घेऊन मोठमोठ्या बंदिस्त मैदानांत कार्यक्रम झाले. रात्रीचे, फक्त प्रौढांसाठी.

याचं नेहमी दिलं जाणारं कारण एका वाक्यात आटोपतं: मोठेपण जड जातं, म्हणून माणसं बालपणाकडे धाव घेतात. हे कारण खोटं नाही, पण त्यातून कळत काहीच नाही. बालपणाची ओढ सगळ्या काळात होती. मुलांच्या कलावंताचा कार्यक्रम, मुलांना वगळून, फक्त मोठ्यांसाठी करण्याची रीत मात्र जेमतेम तीस वर्षांची आहे. जे कारण सदासर्वकाळ हजर असतं, ते एखादी गोष्ट १९९६ नंतरच का घडली आणि आधी का घडली नाही, हे कसं सांगणार? उत्तर माणसाच्या मनात शोधण्याऐवजी त्या मुलांच्या घरांत, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरवर, व्हिडिओ कॅसेटच्या कपाटात आणि दूरदर्शन संचाच्या दोन-चार वाहिन्यांत शोधायला हवं. माझं म्हणणं असं की ही रीत तुटवड्याच्या पोटी जन्मली. मुलांसाठी केलेली चांगली करमणूक अगदी थोडी होती, म्हणून तीच ती पुन्हापुन्हा ऐकली-पाहिली गेली, आणि ती करणारा माणूस स्वतःच्या चेहऱ्याने समोर होता, म्हणून पुढे त्याला भेटायला जाता आलं.

मुलांसाठी गाणं हा पूर्णवेळ धंदा होऊ शकतो ही कल्पनाच मुळात अलीकडची. अमेरिकेत शिकागोच्या एला जेन्किन्स यांनी १९५७ मध्ये फोकवेज कंपनीसाठी पहिली रेकॉर्ड केली, आणि मुलांना समोर बसवून 'मी म्हणते, तुम्ही म्हणा' या पद्धतीने गाण्यात त्यांनी हयात घालवली. पण त्यांच्या रेकॉर्डी मुख्यतः शाळा आणि वाचनालयांत वाजल्या. घरोघरचं दैवत त्या झाल्या नाहीत. तो मान कॅनडाच्या राफीला मिळाला. राफी कवुकियान हा १९४८ साली कैरोत आर्मेनियन घरात जन्मलेला मुलगा; १९५८ मध्ये कुटुंब टोरांटोला आलं. तरुणपणी तो कॉफीहाउसांतून गिटारवर लोकगीतं गात असे आणि त्यात त्याचं फारसं काही जमत नव्हतं. सासूबाईंच्या बालवाडीत गायला बोलावलं गेलं आणि तिथून सगळं बदललं. १९७६ मधली त्याची पहिली बालगीतांची रेकॉर्ड ऑन्टारिओत लानुआ बंधूंच्या घराच्या तळघरातल्या स्टुडिओत झाली. त्यातला डॅनियल लानुआ पुढे 'यू टू'च्या गाजलेल्या अल्बमांचा निर्माता म्हणून जगाला ठाऊक झाला. तेव्हा बालगीतांच्या या रेकॉर्डिंगला कोणी फुटकळ काम समजू नये. १९८० मध्ये आलेलं पांढऱ्या बेलुगा व्हेलच्या पिल्लावरचं त्याचं गाणं व्हँकुव्हरच्या मत्स्यालयातल्या एका मादीला पाहून सुचलं होतं. उत्तर अमेरिकेतल्या एका अख्ख्या पिढीच्या कानात ते बसलं.

इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. राफीच्या रेकॉर्डी विकत घेणारी मुलं नव्हती, त्यांचे आईबाप होते, आणि ते आईबाप साठच्या दशकात स्वतः लोकगीतांवर वाढलेले होते. त्यांना घरात दिवसभर वाजेल ते गाणं आपल्यालाही सोसवेल असं हवं होतं. खरी गिटार, नीट सूर, उगीच चिरका आवाज काढून लाडेलाडे बोलणं नाही. विनिपेगचा फ्रेड पेनर याच मुशीतला. १९७९ मधल्या त्याच्या पहिल्या अल्बमला नाव देणारं, हुसकावलं तरी परत येणाऱ्या मांजराचं गाणं मुळात १८९३ सालचं, अमेरिकन रंगमंचावरचं, मोठ्यांचं विनोदी गाणं होतं. मोठ्यांच्या संगीतातून उतरून आलेली ही गाणी मुलांपाशी आली, म्हणूनच ती मुलं मोठी झाल्यावर गाणी त्यांना तोकडी पडली नाहीत. नुसत्या टाळ्या वाजवण्यासाठी यंत्रावर जुळवलेली चाल विशीतल्या माणसाला तीन मिनिटंही धरून ठेवत नाही, मग आठवण कितीही गोड असो.

प्रौढांचे मेळे पहिल्यांदा जमले ते गाण्यापेक्षाही गप्पांसाठी. अर्नी कूम्ब्स हा मूळचा अमेरिकेतल्या मेन राज्याचा. साठच्या दशकात मुलांचे कार्यक्रम करणाऱ्या फ्रेड रॉजर्सबरोबर कॅनडात आला आणि तिथलाच झाला. सीबीसी या सार्वजनिक वाहिनीवर १९६७ ते १९९६ अशी एकोणतीस वर्षं त्याने 'मिस्टर ड्रेसअप' हा कार्यक्रम केला. एक रंगवलेली पेटी, तिच्यातून निघणारे पोशाख, केसी आणि फिनेगन या दोन बाहुल्या आणि कागदावर सावकाश काढलेली चित्रं, एवढाच पसारा. कार्यक्रम बंद झाल्यावर कूम्ब्स त्या पेटीच्या गोष्टी सांगत विद्यापीठाविद्यापीठांतून फिरला. बालवाडीच्या वयात त्याला रोज सकाळी पाहिलेली मुलं आता वसतिगृहांत राहत होती, आणि सभागृहं भरत होती. सप्टेंबर २००१ मध्ये तो गेला. पेनरचा सीबीसीवरचा कार्यक्रम १९८५ पासून १९९७ पर्यंत चालला; पोकळ ओंडक्यातून रांगत तो आपल्या जागेत शिरत असे. त्याचे प्रेक्षक कॉलेजात पोचले तसा तोही विद्यापीठांच्या आवारातल्या पबमध्ये गाऊ लागला. जुनीच गाणी, जुनीच गिटार. बदलले होते ते फक्त खुर्च्यांवर बसणारे.

विगल्सची वाट याच्या नेमकी उलट, पबमधून बालवाडीत आणि बालवाडीतून परत पबमध्ये. अँथनी फील्ड आणि जेफ फॅट हे 'द कॉकरोचेस' या सिडनीच्या पब-रॉक बँडमध्ये होते. फील्डने मग मॅक्वारी विद्यापीठात शिशुशिक्षणाचा अभ्यासक्रम घेतला. मरी कुक आणि ग्रेग पेज हेही तिथेच शिकत होते, आणि १९९१ मध्ये पहिला अल्बम निघाला. बँडचं नावही कॉकरोचेसच्या एका गाण्यावरून आलेलं. शिशुशिक्षणाचा तो अभ्यास गाण्यांच्या रचनेत जागोजाग दिसतो. चौघांचे चार रंग ठरलेले, कारण तीन वर्षांच्या मुलाला नावं लक्षात ठेवण्यापेक्षा रंग ओळखणं सोपं. वाक्यं छोटी, हालचाली मुलाच्या हातापायांना झेपतील अशा. आणि जांभळ्या कपड्यांतला जेफ दर थोड्या वेळाने उभ्या उभ्या झोपी जातो. बाकीचे तिघं हतबल होऊन प्रेक्षागाराकडे पाहतात, आणि सगळी मुलं एका दमात ओरडून त्याला उठवतात. युक्ती साधी, पण तिचा हिशोब पक्का आहे. ज्या वयात मुलाला दिवसभर मोठ्यांचंच ऐकावं लागतं, त्या वयात एक मोठा माणूस फक्त त्याच्या आवाजाने जागा होतो. शिकवण्यापेक्षा मुलाच्या हाती थोडी सत्ता देण्याचा हा प्रकार होता. कार्यक्रम पाहणारं मूल प्रेक्षक नसतं, कामाला लावलेलं असतं, आणि पंचवीस वर्षांनी मोठं झालेलं ते मूल ते काम विसरलेलं नसतं.

आता तुटवड्याकडे येऊ. विगल्सची टीव्ही मालिका ऑस्ट्रेलियात १९९८ मध्ये सुरू झाली; तोवर त्यांची मुख्य वाट व्हिडिओ कॅसेटची होती. घरात अशा कॅसेटी किती असणार? तीन, चार, फार तर सहा. मूल त्यातलीच एक निवडतं आणि सबंध पावसाळी दुपारभर तीच लावायला लावतं. कॅसेट उलटी गुंडाळली जाते, पुन्हा सुरू होते. आईबापांच्या डोक्याचा भुगा होतो, पण मुलाला पुढचं वाक्य आधीच ठाऊक असण्याचा आनंद मिळतो. कॅनडात हेच काम सीबीसीच्या वेळापत्रकाने केलं. कॅसेटला पैसे पडत, सीबीसी छतावरच्या अँटेनावर फुकट दिसे. त्यामुळे पेनर आणि मिस्टर ड्रेसअप ज्या घरांत पोचले त्या सगळ्यांत राफीच्या रेकॉर्डी असतीलच असं नव्हतं. पण दोन्हीकडे परिणाम एकच झाला. शेजारच्या घरातलं, दुसऱ्या शहरातलं, पुढे कॉलेजात भेटणारं मूल तेच पाहत होतं. अनोळखी माणसाच्या शेजारी उभं राहून गाणं म्हणायचं तर त्यालाही ते शब्दन् शब्द यावं लागतं. शंभर पर्यायांतून ज्याने त्याने आपापलं निवडलं असतं, तर क्लब भरण्याइतकी माणसं एका गाण्यावर जमली नसती.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो तो पोरकटपणाचा. घोडे झालेले लोक डायनोसोरच्या गाण्यावर नाचतात, म्हणजे ही पिढी मोठं व्हायलाच तयार नाही, असं म्हणणाऱ्यांची कमी नाही. या आक्षेपाला तर्कापेक्षा एक घटना चांगलं उत्तर देते. जानेवारी २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात वणवे पेटले होते. त्यांच्या झळा बसलेल्यांना मदत म्हणून जुन्या विगल्सनी सिडनीच्या कॅसल हिल भागातल्या आरएसएल क्लबात प्रौढांसाठी कार्यक्रम केला. १७ तारखेच्या रात्री, कार्यक्रम संपता संपता, ग्रेग पेज कोसळला. त्याचं हृदय बंद पडलं होतं. प्रेक्षकांत एक तरुण परिचारिका होती. तिने आणि मंडळींपैकी काहींनी त्याच्या छातीवर दाब देत राहून रक्ताभिसरण चालू ठेवायचा प्रयत्न केला आणि क्लबात असलेल्या यंत्राने त्याला विजेचे झटके दिले. पेज वाचला. अशी यंत्रं सगळीकडे असावीत यासाठी त्याने पुढे एक संस्थाच काढली. ज्यांना पोरकट म्हणायचं, ती माणसं त्या रात्री तिकिटाचे पैसे वणवाग्रस्तांना देऊन आली होती, आणि त्यांच्यातलीच एक आपलं रोजचं काम क्लबच्या जमिनीवर बसून करत होती. दोन तास बालगीतं म्हटल्याने तिचं मोठेपण कुठे हरवलं नव्हतं. खरं तर मोठेपण पक्कं असलेला माणूसच असं बिनधास्त गाऊ शकतो. बाराव्या वर्षी मुलं याच गाण्यांची नावं काढायलाही लाजतात. ती लाज गळून पडायला विशी उलटावी लागते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. हे सगळं थट्टेपोटी चालतं, किंवा धंद्यापोटी. तरुणांना गंमत हवी असते आणि क्लबाला बिअर खपवायची असते. थट्टेचा अंश आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. ऑस्ट्रेलियाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेचं 'ट्रिपल जे' नावाचं तरुणांचं रेडिओ केंद्र आहे. तिथे विगल्सनी २०२१ मध्ये 'टेम इम्पाला' या बँडचं एक रॉक गाणं आपल्या फळांच्या सॅलडच्या गाण्यात मिसळून गायलं. जानेवारी २०२२ मध्ये श्रोत्यांच्या मतांनी ठरणाऱ्या त्या वर्षाच्या शंभर गाण्यांच्या यादीत ते पहिलं आलं. दुसऱ्याचं गाणं स्टुडिओत येऊन गाण्याच्या त्या केंद्राच्या सदरातलं गाणं पहिलं येण्याची ही पहिलीच वेळ. मत देणाऱ्यांपैकी कित्येकांनी खोडी म्हणून दिलं असेल. पण खोडी काढायलाही सामायिक भांडवल लागतं. ज्याला मूळ गाणं पाठ नाही त्याला त्यातली गंमतच कळत नाही. आणि धंद्याचं म्हणाल, तर राफीचं उदाहरण आड येतं. मुलांना उद्देशून जाहिराती करायला तो कायम नकार देत आला. बेलुगावर चित्रपट काढण्याचा प्रस्तावही, तो मुलांपुढे जाहिरात करून विकला जाणार म्हणून, त्याने नाकारला. मोठ्या मैदानांत गाणं त्याला रुचलं नाही. बाजाराच्या भाषेत त्याने स्वतःचं नुकसान करून घेतलं. तरीही आपल्या मुलांना घेऊन, आणि मुलांशिवायही, परत येणारे त्याचे जुने श्रोते इतके झाले की त्यांना 'बेलुगाचे पदवीधर' असं नाव पडलं. धंदा या ओढीचा फायदा उठवतो, यात शंका नाही. ती निर्माण करणं त्याला जमलं असतं, तर ज्या खेळण्यांच्या कंपन्यांनी ऐंशीच्या दशकात कार्टून मालिकांवर पाण्यासारखा पैसा ओतला, त्यांच्या खेळण्यांभोवतीही लोक असेच गाण्याला जमले असते. लोक ती खेळणी जमवतात, भावही चांगले देतात, पण तिथे भेटायला माणूस नसतो.

मराठी वाचकाला इथे वेगळंच काही आठवेल. सुधा करमरकरांच्या लिटल थिएटरने १९५९ मध्ये रत्नाकर मतकरींचं 'मधुमंजिरी' रंगभूमीवर आणलं आणि मराठी बालनाट्याला रीतसर घर मिळालं. मतकरींचंच 'अलबत्या गलबत्या' २०१८ मध्ये चिन्मय मांडलेकरांच्या दिग्दर्शनाखाली पुन्हा आलं तेव्हाही मोठी माणसं उत्साहाने नाट्यगृहांत गेली. पण त्यांच्या हाताला मूल होतं. मोठ्यांसाठी राखीव खेळ करावा असं कोणाच्या मनात आलं नाही, आणि त्याची गरजही नव्हती. कारण इथे परतून आलं ते नाटक, माणूस नव्हे. चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांची होती, ती वैभव मांगल्यांची झाली, आणि प्रेक्षकांनी तो बदल आनंदाने स्वीकारला. भूमिका वारशाने जाते, म्हणून नाटक आजोबांकडून नातवाकडे सरकतं आणि मधल्या पिढीला वेगळी संध्याकाळ लागत नाही. राफी, पेनर, ग्रेग पेज हे कोणाची भूमिका करत नव्हते. ते स्वतःच्या नावाने मुलांपुढे उभे राहिले, आणि ते नाव दुसऱ्याला देता येत नाही.

इथेच कोणी म्हणेल की विगल्सचे रंग तर वारशाने गेलेच. हे खरं आहे. पिवळा रंग पेजने २००६ मध्ये आजारपणामुळे सोडला, तो सॅम मोरनकडे गेला. २०१२ मध्ये काही महिने परत पेजकडे आला आणि त्याच वर्षी एमा वॉटकिन्सकडे. आज तो त्सेहाय हॉकिन्स घालते. कंपनी म्हणून विगल्स हे चतुरपणे टिकले आहेत, आणि आजची मुलं नव्या विगल्सवर तितकंच प्रेम करतात. पण डी वायला, कॅसल हिलला, २०२२ च्या रात्रीच्या प्रयोगांना ज्यांच्या नावावर तिकिटं खपली ते पहिले चौघे होते, केस पांढरे झालेले, थोडे थकलेले. मुलाला रंग पुरतो. मोठ्या माणसाला त्या रंगातला माणूस लागतो.

म्हणून यूट्यूबवर अब्जावधी वेळा पाहिल्या जाणाऱ्या कोकोमेलनच्या आकड्यांनी मी फारसा प्रभावित होत नाही. आकडे मोठे आहेत, पण त्या संगणकीय बाळाला वय होत नाही, आणि पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होत असल्याने तोच तो पुन्हा लावण्याची मुलाची हट्टी मेहनतही उरलेली नाही. यूट्यूबवरचीच मिस रेचल हा कदाचित अपवाद ठरेल, कारण तिथे निदान एक माणूस कॅमेऱ्यात पाहून, थांबून, मुलाच्या उत्तराची वाट पाहतो. तरी तिचे प्रेक्षक अजून चड्डीत आहेत. त्यांच्याबद्दल काही बोलणं घाईचं होईल. कसोटी लागेल ती एमा वॉटकिन्सच्या मुलांची. २०१२ मध्ये ती पहिली स्त्री-विगल म्हणून आली तेव्हा जी तीन वर्षांची होती, ती २०२७ मध्ये अठराची होतील. त्यांच्या घरांत सार्वजनिक वाहिनीवरचा विगल्सचा ठरलेला कार्यक्रमही होता आणि हातात टॅबलेटही. तुटवडा त्यांनी अर्धाच भोगला. एमा २०२१ मध्ये विगल्समधून बाहेर पडली आणि आता 'एमा मेमा' या नावाने, खाणाखुणांच्या ऑस्लान भाषेची जोड देऊन मुलांसाठी गाते. तिने एखाद्या आरएसएलमध्ये अठरा वर्षांवरील प्रेक्षकांसाठी तारीख जाहीर केली आणि तिकिटं दुपारपर्यंत संपली, तर मला तुटवड्याला दिलेलं श्रेय बरंच कमी करून ते माणसाच्या पदरात टाकावं लागेल.